सर्व पालकांसाठी: इम्पेटिगोबद्दल

नाकाखाली, ओठांच्या कडेला मधाच्या रंगाची खपली दिसली तर मुलाला घरीच ठेवा, डॉक्टरांना दाखवा. इम्पेटिगो हा त्वचेला होणारा जिवाणूंचा संसर्ग आहे, स्पर्शाने झपाट्याने पसरतो. खपली नखाने ओढू नका, मूल कळवळतं. कोमट साबणपाण्यात भिजवलेलं मऊ फडकं थोडा वेळ धरलं की ती सुटते. मग डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मलम लावा आणि हात धुवा. घरात पडलेली खाजेची ट्यूब कृपया लावू नका, तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. टॉवेल, अभ्रा वेगळा. नखं कापाच. अँटिबायोटिक सुरू होऊन 48 तास झाल्याशिवाय मुलाला शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नका. फोड सुकले तरी औषध पूर्ण करा. पुढच्या काही आठवड्यांत लघवी तपकिरी झाली किंवा चेहरा सुजला तर लगेच दाखवा.