‘परदेशी सरोवरांच्या धर्तीवर’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठच्या पर्यटनाविषयी बातमी आली की तिच्यात ‘परदेशातील सरोवरांच्या धर्तीवर विकास’ हे शब्द हमखास असतात. मी साताऱ्यातील एक निवृत्त भूगोल शिक्षक. गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीस मुलीकडे रोमला जाण्याचा योग आला आणि तिने आम्हा उभयतांना चार दिवसांसाठी मध्य इटलीतील बोल्सेना या ज्वालामुखीय सरोवराच्या काठी नेले. परत आल्यापासून ही ‘धर्ती’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

रोमहून आगगाडीने ऑर्व्हिएतो आणि तिथून बसने बोल्सेना, असा आमचा प्रवास झाला. बस एक बेताची चढण चढते, माथ्यावरून वळते आणि समोर एकदम पाणीच पाणी दिसते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे तर तापोळ्यासारखंच दिसतंय की!” (तापोळा हे शिवसागराच्या काठचे गाव.) मी मात्र थोडा वरमलो होतो. तीस वर्षे मी फळ्यावर शंकूच्या आकाराचा डोंगर काढून, त्याच्या टोकाशी निळ्या खडूने पाणी दाखवून, मुलांना ‘ज्वालामुखीय सरोवर’ शिकवले. इथे शंकूचा पत्ताच नव्हता. चहूबाजूंनी द्राक्षबागा आणि ऑलिव्हची झाडे असलेले ठेंगणे डोंगर, आणि मध्ये ऐसपैस पसरलेले पाणी. काही लाख वर्षांपूर्वी इथे उद्रेकांमागून उद्रेक झाले, जमिनीखालचा शिलारसाचा साठा रिकामा होत गेला आणि वरची जमीन आधार सुटून खाली बसली. त्या खचलेल्या बशीत पाणी साचले, ते हे सरोवर. आपण बसने जी चढण चढतो ती त्या बशीची कड होय. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर त्याने ती फळ्यावरची आकृती या सरोवरापुरती पुसून टाकावी.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे, मग आपल्याकडे असे एकही सरोवर कसे नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरांवर थर पसरत गेला. अजिंक्यताऱ्याच्या किंवा सज्जनगडाच्या अंगावर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. लोणारचे विवर उल्कापाताने झालेले आहे, त्यामुळे तेही या जातीत बसत नाही. बोल्सेनाजवळ रस्त्याच्या कडेला कातळाचे षटकोनी खांब एकावर एक रचल्यासारखे दिसले, तेव्हा मात्र अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीची आठवण होऊन परक्या मुलखात कोणी नातलग भेटल्यासारखे वाटले.

आता मुख्य मुद्दा. तापोळ्याशी केलेली तुलना आकाराच्या बाबतीत अगदी अचूक निघाली. बोल्सेनाचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आहे, आणि शिवसागर काठोकाठ भरला की त्याचेही जवळजवळ तेवढेच होते. परंतु बोल्सेनाची सर्वाधिक खोली १५१ मीटर आहे आणि त्यात ९ अब्ज घनमीटरहून अधिक पाणी आहे. सातारकरांना घनमीटर सांगून उपयोग नाही, म्हणून मी तिथल्या कट्ट्यावर बसून हिशेब केला. तो सव्वातीनशे टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आला. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे तीन कोयना धरणे आणि वर थोडे, एवढे पाणी त्या एका बशीत आहे.

या आकड्याने मी हुरळून गेलो होतो, पण मुलीच्या ओळखीच्या एका स्थानिक गृहस्थांनी जे सांगितले त्याने विचारात पाडले. बशीची कड पाण्याला फार दूर नसल्यामुळे सरोवराला पाणलोट असा फारसा नाहीच. भोवतालची जी जमीन त्यात पाणी आणून सोडते ती सरोवराच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम दीडपट भरते. बाहेर जायला मार्ता नावाची एकच लहानशी नदी आहे. ती दक्षिणेच्या काठाने निघून समुद्राला मिळते. एकूण साठ्याला या नदीतून वाहून जाणाऱ्या पाण्याने भागले की उत्तर सुमारे १२० वर्षे येते. म्हणजे त्या सरोवरातले पाणी एकदा बदलायला, कागदावरच्या हिशेबाने का होईना, चार-पाच पिढ्या लागतात. त्यातही थंड, वाऱ्याच्या हिवाळ्यातच एवढ्या खोल पाण्याचा वरचा आणि तळचा भाग एकमेकांत नीट ढवळला जातो. हिवाळा उबदार गेला तर तळाला प्राणवायू पोहोचत नाही. ‘आज जे पाण्यात पडेल ते माझ्या पणतूला भेटेल,’ असे ते गृहस्थ अगदी सहज म्हणाले.

कोयनेचे याच्या नेमके उलट आहे. जून ते सप्टेंबरात धरण भरते, वर्षभरात ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे बोगद्यातून जाते, काही पूर्वेकडे नदीत सोडले जाते आणि मे अखेरीस नव्या पावसाची वाट पाहत जलाशय ओसरलेला असतो. आपल्या पाण्याचे वय एक-दोन वर्षांचे, त्यांच्या पाण्याचे शंभरावर. मला वाटते, काठावरच्या आपल्या वागणुकीचे मूळ इथेच आहे. ‘एक पाऊस पडू द्या, सगळे धुऊन जाते’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते धुऊन कुठे जाते, हे मात्र कोणी विचारत नाही. कोयनेचे पूर्वेकडे सोडलेले पाणी पाटणवरून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाला येते आणि कृष्णेबरोबर पुढे सांगलीला जाते, एवढे तरी भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

ज्यांच्या पाण्याला धुऊन जायला वाटच नाही त्यांनी काय केले, ही खरी पाहण्यासारखी गोष्ट होती. १९९० च्या दशकात त्यांनी सरोवराच्या काठाकाठाने एक सांडपाण्याची वाहिनी टाकली. काठावरच्या गावांचे सांडपाणी त्या वाहिनीतून मार्ता नदीच्या बाजूच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते, सरोवरात जाऊ नये अशी ती योजना आहे. पर्यटकाला ती कुठेच दिसत नाही. त्याला दिसतो तो काळसर वाळूचा किनारा, काठावरच्या कापोदिमोन्ते गावाची गढी, बिसेंतिना आणि मार्ताना ही दोन बेटे. (मार्ताना बेटावर इ. स. ५३५ मध्ये त्या काळी इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ लोकांची राणी अमलसुंथा हिचा खून झाला. बोटीवरच्या माहितगाराने निम्मा वेळ त्या खुनातच घालवला, तेव्हा गाईड सगळीकडे सारखेच असावेत.) आपल्याकडून कोणी अभ्यासदौऱ्यावर गेले, तर तेही किनारा आणि बोटी पाहून येतील आणि जमिनीखालची ती वाहिनी राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते.

तिथल्या कोळ्यांचा ‘स्ब्रोशा’ नावाचा एक जुना रस्सा आहे. सरोवरातले मासे, बटाटे, पुदिन्याच्या जातीचा पाला आणि शिळा पाव असा साधाच प्रकार असतो. पण जुन्या रीतीने तो सरोवराच्याच पाण्यात शिजवतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे चव सांगता येणार नाही. पण काठावरच्या पाण्यात स्वयंपाक करण्याची रीत ज्या गावात होती, त्या गावाला पाण्याची काळजी घ्या असे निराळे सांगावे लागत नसणार.

सगळे तिथे आलबेल आहे, असे लिहिले तर ती लबाडी होईल. ती वाहिनी आता जुनी झाली आहे, तिच्या दुरुस्तीवरून वाद चालू असतात आणि पाण्यातले फॉस्फरस वाढत असल्याचे तिथले अभ्यासक सांगतात. दक्षिणेला असलेल्या व्हिको या लहान सरोवराची स्थिती अधिक बिकट आहे. त्याच्या भोवती हेझलनटच्या बागा दाटीने लावल्या आहेत, त्यांना दिलेले खत पावसाबरोबर पाण्यात उतरते आणि त्यावर लालसर रंगाचे विषारी शेवाळवर्गीय जंतू पोसले जातात. शिवाय या साऱ्या ज्वालामुखीय टापूत भूजलात मुळातच आर्सेनिक आहे, त्यामुळे व्हितेर्बो परिसरातील अनेक गावांत ते काढून टाकणारी यंत्रे बसवावी लागली आहेत. व्हिकोची ती हकिगत ऐकताना मला महाबळेश्वर तालुक्यातल्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांची आठवण झाली. वेण्णा आणि कोयना त्याच डोंगरावर उगम पावतात. त्यांच्या पाण्यात खत किती उतरते हे कोणी मोजत असेल, तर ते आकडे वाचकांसमोर यावेत. शेतकऱ्याला बोल लावण्याचा यात हेतू नाही. मी स्वतः त्या स्ट्रॉबेरीचा चाहता आहे.

परतीच्या वाटेवर ब्राच्चानो हे तिसरे सरोवर पाहिले. ते रोमला इतके जवळ आहे की शहरातून लोकलने जाता येते. इ. स. १०९ मध्ये ट्रेजन सम्राटाने या परिसरातले पाणी नळमार्गाने रोमला नेले, तेव्हापासून, मध्ये खंड पडला तरी, हा भाग त्या शहराची तहान भागवत आला आहे. आजही ते सरोवर रोमचा राखीव साठा मानले जाते, आणि म्हणून तिथे खासगी यांत्रिक बोटींना बंदी आहे. शिडाच्या होड्या, वल्ह्यांच्या होड्या, पोहणारी मुले यांनी पाणी गजबजलेले होते, मात्र इंजिनाचा आवाज नव्हता आणि पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. काठावरची खानावळी-हॉटेले भरलेलीच होती, म्हणजे मोटारबोटी नसल्या तर पर्यटक येत नाही, ही भीती निदान तिथे तरी खरी ठरलेली नाही. २०१७ च्या दुष्काळात पाण्याची पातळी फार खाली गेली, तेव्हा काठच्या गावांनी एवढा आवाज उठवला की रोमसाठी होणारा उपसा थांबवावा लागला.

बामणोली, तापोळा, मुनावळे इथे आज यांत्रिक बोटी चालतात आणि त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. धरणासाठी घरेदारे सोडलेल्या गावांच्या पोटावर पाय द्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ‘परदेशी सरोवरांच्या धर्तीवर’ हे शब्द वापरायचेच असतील, तर ती धर्ती सांडपाण्याच्या वाहिनीपासून सुरू होते आणि बोटीपाशी सर्वांत शेवटी येते, हे आराखडा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. नव्या तंबूनिवासाला परवानगी देताना त्याचे मैलापाणी कुठे जाणार, हा पहिला प्रश्न असावा. तो आज कितव्या क्रमांकावर विचारला जातो, हे संबंधितांनीच सांगावे.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरील तलावाविषयी तर लिहायलाही संकोच वाटतो. पठारावर फुले पाहायला येणाऱ्या माणसाला हे पाणी सातारा शहरातल्या अनेक घरांतल्या नळाला येते, हे बहुधा माहीतच नसते. माहीत असते, तर त्याने तिथे गाडी धुतली नसती आणि जेवणाच्या पत्रावळ्या काठावर टाकल्या नसत्या, असे मी समजून चालतो. काठावर ठळक अक्षरांत ‘हे साताऱ्याचे पिण्याचे पाणी आहे’ एवढाच फलक चार ठिकाणी लावण्यास फार खर्च येणार नाही.

आपल्यासाठी एक विनंती. पावसाळ्यात वर्तमानपत्रे कोयनेतील साठ्याची चौकट रोज छापतात, आणि आम्ही सातारकर चहाच्या आधी ती वाचतो. किती टीएमसी पाणी आले हे तिच्यातून कळते, ते कसे आहे हे कळत नाही. संबंधित खात्यांकडून कोयना, कास आणि वेण्णा तलाव यांच्या पाणी-तपासणीचे निष्कर्ष मागवून, आठवड्यातून एकदा तरी त्या चौकटीखाली आणखी एक ओळ छापता येईल का? जून जवळ आला आहे, त्यामुळे ही मागणी आत्ताच करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा