पांढऱ्याशुभ्र ‘रिसायकल्ड’चा हट्ट सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये वह्या घेताना ‘रिसायकल्ड’ शिक्का पाहून लोक खूश होतात, पण पानं जरा करडी निघाली की तीच वही परत ठेवतात. रद्दीपासून कागद करण्यात पर्यावरणाचा फायदा आहेच. मात्र त्यातला बराचसा या पांढरेपणापायी वाया जातो.

पुठ्ठ्याचं काम सोपं. जुनी खोकी पल्परमध्ये पाण्यात घुसळायची, पिना-वाळू-प्लास्टिक चाळून काढायचं आणि लगदा मशीनवर सोडायचा. शंभर किलोंतून नव्वदच्या आसपास माल परत मिळतो. लिहायच्या कागदासाठी मात्र कॉस्टिक, सोडियम सिलिकेट, पेरॉक्साइड आणि साबण घालून लगदा गरम घुसळावा लागतो. मग तो शंभर भागांत एकच भाग तंतू उरेल इतका पातळ करून त्यात हवा सोडतात. शाई फेसाला चिकटून वर येते. तिच्याबरोबर बारीक तंतू आणि कागदात भरलेली खडूची पूडही जाते. वर्तमानपत्रांत १५-२० टक्के घट धरावी. ऑफिसच्या कागदापासून पांढरा टिश्यू केला तर ३०-४० टक्के माल गाळात, आणि तो टिश्यू एकदा तोंड पुसलं की कचऱ्यात!

‘एक टन रद्दी, १७ झाडं वाचली’ या पाट्यांवरही फार विसंबू नये. आपल्या गिरण्यांचं बरंचसं लाकूड शेतकऱ्यांनी लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीचं असतं. शिवाय लाकडाची गिरणी लगद्यातून निघालेलं काळं द्रावण जाळून स्वतःची वाफ करते. रद्दीच्या गिरणीला ती सोय नाही, तिचा बॉयलर बहुधा कोळशावर चालतो. रद्दीला एकूण ऊर्जा कमी लागते, पण चिमणीतून काय निघतं तेही पाहायला हवं. पाणी, रसायनं आणि डम्पिंग ग्राउंडवरचा भार, इथली बचत अधिक भरवशाची.

आता घरातलं. रद्दी वर्षभर माळ्यावर साठवू नका. ऑफसेटची शाई हवेनं आणि उन्हाळ्याच्या उष्णतेनं घट्ट बसते, मग कितीही फेस काढा, लगदा काळपट राहतो. दोन-तीन महिन्यांनी देऊन टाकावी. ओली होऊ देऊ नये. भिजलेल्या पुठ्ठ्यातला स्टार्च आंबतो, तंतू कुजतात. सेलोटेप, स्टिकर काढावेत. त्यांचा डिंक चाळणीतून निसटतो, गरम ड्रायरवर मऊ होऊन चिकटतो आणि चालू मशीनवर कागद तुटतो. प्लास्टिक-फॉइल लावलेल्या लग्नपत्रिका आणि दुकानातली गुळगुळीत बिलं रद्दीत नकोत. चहाचा कागदी कपही नको. त्याच्या आतला प्लास्टिकचा थर वेगळा करायला जास्त वेळ घुसळावं लागतं, साध्या गिरणीत कप तसाच बाहेर पडतो.

तंतू पाच-सात फेऱ्यांत आखूड होऊन निकामी होतो, म्हणून नवा लगदा अधूनमधून मिसळावाच लागतो. ‘शंभर टक्के’ छापल्यानं काही सिद्ध होत नाही. रद्दी कुठली, वाफ कशावर, हे छापलेलं बरं.

शाळा आणि सरकारी कार्यालयांनी कागदखरेदीच्या निविदेत शुभ्रतेची किमान अट घालतात तशी कमाल अटही घालावी. शंभराच्या मापावर वर्तमानपत्राची शुभ्रता ६०च्या आत-बाहेर असते आणि ते आपण रोज वाचतोच. वह्यांना ७० पुरे, ८५-९० कशाला?

– एक कागद-तंत्रज्ञ, कोल्हापूर