फिटच्या गोळीत खंड पडू देऊ नका

प्रति,
माननीय लोक स्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी इंदूरची. माझी मुलगी आठवीत असताना तिला अपस्मार असल्याचं निदान झालं. आज ती कॉलेजात शिकते आणि बऱ्याच वर्षांत तिला फिट आलेली नाही. तिचं नशीब थोर म्हणून हे झालेलं नाही. योग्य औषध नेमानं घेतलं तर दहातल्या सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्हाला ते औषध विकत घेणं परवडतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

सुरुवातीला आम्हीही एका सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीसमोर रांग लावायचो. झाबुआ, अलीराजपूरकडची माणसं पहाटेची बस धरून गंगवाल स्टँडवर उतरायची आणि थेट रांगेत यायची. चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असत. खिडकीतला माणूस कात्रीनं पट्टी कापून दहा गोळ्या पुढे सरकवायचा, दुसऱ्या औषधावर पेनानं फुली मारायचा आणि म्हणायचा, "ये बाहर से ले लेना." बाहेरच्या मेडिकलवर भाव ऐकून लोक तसेच परत फिरायचे. एका आजीनं मला सांगितलं, नातवाला दोनाऐवजी एकच गोळी देते, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत पुरतात. असं केल्यानं काय होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डोस कमी पडला की रक्तातलं औषध उतरतं आणि फिट परत येते. अचानक बंद केलं तर कधी एकामागून एक फिट येत राहतात, मधे शुद्धच येत नाही. पाच मिनिटांच्या वर चाललेली फिट जिवावर बेतू शकते, दवाखाना गाठावाच लागतो. आता हिशेब बघा. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्ण भरती झाला तर. नातू आयसीयूत पोचला की शासन पैसे भरणार, आणि तो तिथे पोचू नये म्हणून लागणारी रोजची गोळी आजीनं पदरचे पैसे घालून आणायची. अपस्मार हा ओपीडीत सांभाळायचा, वर्षानुवर्षं गोळ्या खायचा आजार आहे. त्याला या योजनेत जागाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

औषधं काही दुर्मिळ नाहीत. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट ही सगळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण खिडकीत एकच औषध शिल्लक असेल तर तेच सगळ्यांच्या वाट्याला येतं, आणि ते व्हॅल्प्रोएट असेल तर मुलींच्या बाबतीत ही मोठी जोखीम आहे. गर्भारपणात ते चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, शिवाय मुलाच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. माझ्या मुलीचं औषध वेळेवर बदललं गेलं, कारण एका डॉक्टरबाईंनी आपणहून विषय काढला. (कुणी मुलगी हे वाचत असेल तर तिनं मनानं गोळी बंद करू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.)

निदानासाठीही प्रत्येकाला इंदूर गाठायला लावू नका. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही, असं होत नाही. फिट ज्यानं डोळ्यांनी पाहिली त्याला नीट विचारलं, मोबाईलवरचा व्हिडिओ बघितला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित डॉक्टरही बऱ्याच रुग्णांचे उपचार सुरू करू शकतो. अवघड रुग्ण तेवढे मेंदुविकारतज्ज्ञांकडे यावेत.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत लिहिलं ते इंदुरातल्या आमच्या मराठी माणसांसाठी. रामबागेत काय नि लोकमान्य नगरात काय, चांगल्या शिकलेल्या घरांतही मुलीच्या गोळ्या पाहुण्यांपासून लपवल्या जातात, लग्न ठरेपर्यंत कुणी बोलत नाही, आणि लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून तीच गोळ्या सोडते. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणारा आजार म्हणून अपस्माराचा उल्लेख होता, तो 1999 मध्येच काढला गेला. घरांतून तो अजून गेलेला नाही.

17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी शिबिरं होतील, भाषणं होतील. त्याआधी इंदूर संभागातल्या (महसुली विभागातल्या) प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राची एकदा तपासणी करवून घ्या: फिटच्या किमान दोन औषधांचा तीन महिन्यांचा साठा तिथे आहे का, आणि रुग्णाला एका वेळी पूर्ण महिन्याच्या गोळ्या मिळतात का. केंद्रवार निकाल जाहीर करा, आणि जिथे साठा नसेल तिथे तो कोणत्या तारखेपर्यंत पोचेल तेही लिहा.

आपली नम्र,
अपस्मार असलेल्या मुलीची आई, इंदूर