कॅमेरे घेताना फर्मवेअरचीही चौकशी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलुंडच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची तीन दरपत्रके आली, तेव्हा कार्यकारिणीची सभा तासभर मेगापिक्सेल आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहील यावरच चालली. कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा आतला प्रोग्राम, कुणी बदलले तर काय, असे मी विचारल्यावर ‘पासवर्ड बदलून देऊ’ एवढेच उत्तर मिळाले.

पासवर्ड बदलायलाच हवा. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. मात्र मिराई रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच राहत असे. उपकरण बंद करून सुरू केले की तो पुसला जाई. वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीतले फर्मवेअरच बदलले गेले, तर बंद-चालू करून काही साधत नाही आणि नवा पासवर्डही त्या बनावट फर्मवेअरच्याच हाती पडतो.

त्याचा बंदोबस्त चिपमध्येच करावा लागतो. ‘सिक्युअर बूट’ असलेल्या उपकरणात चिपमधला न बदलता येणारा प्रोग्राम सर्वांत आधी चालतो आणि फर्मवेअरवरील उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी तपासतो. ती जुळली नाही, तर ते फर्मवेअर चालूच दिले जात नाही. परंतु त्रुटी असलेल्या जुन्या आवृत्तीवरही स्वाक्षरी अस्सलच असते, म्हणून मागची आवृत्ती पुन्हा चढवता येऊ नये अशी सोयही लागते, आणि माझ्या मते नेमके हेच विचारायचे राहून जाते. शिवाय जिन्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत कुणाचाही हात पोहोचतो. त्यामुळे आतले यूएआरटी आणि जेटॅग हे तपासणीचे पोर्ट, ज्यांतून थेट उपकरणाच्या आत शिरता येते, बंद असणेही तितकेच गरजेचे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या असून त्यांत प्रयोगशाळेतील चाचणीही आहे. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकानेच चाचणी अहवाल दिला, तोही मागितल्यावर. हा अहवाल आणि फर्मवेअरची अद्यतने किती वर्षे मिळतील याची लेखी हमी, या दोन्ही गोष्टी संस्थांनी खरेदीच्या ठरावातच घालाव्यात आणि सहकार खात्याने उपनिबंधकांमार्फत तसे परिपत्रक काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या जुन्या आठ कॅमेऱ्यांची अद्यतने उत्पादकाने केव्हाच थांबवली आहेत. नवे बसेपर्यंत ते इंटरनेटपासून तोडून केवळ रेकॉर्डरला जोडून ठेवण्याचे सभेने मान्य केले आहे.

आपला,
एक सभासद, मुलुंड (पूर्व), मुंबई