टेम्प्लेट तपासून दिलीत, त्याबद्दल उघड आभारपत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलच्या नोंदणीकडून लॅबकडे जाणारे एचएल७ मेसेज (एचएल७ म्हणजे हॉस्पिटलच्या सिस्टीम एकमेकींना माहिती पाठवतात ती ठरलेली पद्धत) अपाचे कॅमल या मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीमार्करच्या टेम्प्लेटने, म्हणजे माहिती भरायच्या तयार नमुन्याने, बनतात. ती टेम्प्लेटं तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलीत, त्याचे हे आभार. पत्र उघड लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही दाखवलेल्या चुका टेम्प्लेटने मेसेज बनवणाऱ्या कुणाच्याही फाइलीत सापडतील.

सगळ्यात आधी तुम्ही आकडे धरलेत. फ्रीमार्कर आकडा छापतो तो माणसाने वाचावा म्हणून. लोकॅल (भाषा आणि देशाची सेटिंग) अमेरिकन असेल तर पेशंट क्रमांक १२३४५६७ हा १,२३४,५६७ होऊन बाहेर पडतो. टेस्टमध्ये क्रमांक तीन आकडी, म्हणून तिथे काही दिसत नाही. हजाराव्या पेशंटला स्वल्पविराम उगवतो. त्यावर उपाय क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह आणि सी (?c) लावायचा. पण लॅबच्या निकालाला तो लावायचा नाही, हेही तुम्ही त्याच दमात बजावलंत: ७.१० चं ७.१ होतं आणि अचूकता हरवते. निकाल मुळातूनच मजकूर म्हणून आणायचा.

तारखांची गंमत वेगळीच. तारखेच्या साच्यात वर्षासाठी कॅपिटल वाय लिहिला तर जावा ही प्रोग्रॅमिंग भाषा आठवड्याचं वर्ष (तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते) छापते, आणि अमेरिकन लोकॅलमध्ये ३१ डिसेंबर २०२४ ला २०२५ लिहिलं जातं. वर्षातले काही मोजके दिवसच ही चूक दिसते, त्यामुळे सापडत नाही. शिवाय सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दाखल झालेला पेशंट आदल्या दिवशीचा ठरतो. टाइमझोन टेम्प्लेटच्या सेटिंगमध्ये स्पष्ट लिहा आणि वेळेमागे +०५३० जोडा, हे तुमचं सांगणं आता नियम झालं आहे.

रिकाम्या फील्डबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते सर्वांत मोलाचं. फील्डच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावलं की माहिती नसल्याची फ्रीमार्करची तक्रार थांबते, म्हणून ते सगळीकडे लावायचा मोह होतो. पण पेशंट क्रमांकच नसेल तर मेसेज तिथेच पडलेला बरा. क्रमांकाशिवाय लॅबला पोचलेला मेसेज निस्तरणं जास्त महाग. उद्गारचिन्ह फक्त ऐच्छिक फील्डला. तेही कंस घालून: (पेशंट.पत्ता.शहर)! असं. कंस नसेल तर ते शेवटच्या पायरीपुरतंच लागू होतं, आणि पत्ताच नसला की टेम्प्लेट कोसळतं. आणखी एक सापळा: एचएल७मध्ये || म्हणजे ‘काही सांगायचं नाही’, तर |""| म्हणजे ‘जे आहे ते पुसून टाका’. डीफॉल्ट म्हणून कुणी दोन अवतरणचिन्हं छापली, तर समोरच्या सिस्टीममधला फोन नंबर गेलाच म्हणून समजा.

मग एस्केप, म्हणजे एचएल७मध्ये खास अर्थ असलेली चिन्हं मजकुरात आली तर ती वेगळ्या, सुरक्षित रूपात लिहिणं. टेम्प्लेट इंजिनाला आपण काय लिहितोय ते कळत नाही, त्याला सगळा नुसता मजकूर. ‘फ्लॅट ४ & ५’ मधल्या & ने पत्ता दोन उपघटकांत फुटतो. |, ^, ~, & आणि \ या पाचही चिन्हांसाठी एकच फंक्शन, आणि त्यात \ सर्वांत आधी बदलायचा; नाहीतर आपणच घातलेले बॅकस्लॅश दुसऱ्यांदा एस्केप होतात. डॉक्टरांच्या शेऱ्यातली नवी ओळही याच फंक्शनमध्ये बदलायची, कारण ती तशीच राहिली तर तिथून नवा सेगमेंट (मेसेजची एक ओळ) सुरू होतो. एक्सएमएलचं ऑटोएस्केप इथे कामाचं नाही; त्याच्या एक्स्टेन्शनने फाइल सेव्ह झाली की & च्या जागी भलतंच काही जातं.

ओळींच्या शेवटाबद्दल तर तुम्ही हेक्स व्ह्यूअर (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडूनच बसलात. सेगमेंट संपतो तो बाइट १३ ने, आणि एडिटर लिहितो १०, किंवा विंडोजवर १३ आणि १०. डोळ्यांना फाइल तीच दिसते, लॅबला मात्र सगळा मेसेज एकच सेगमेंट वाटतो. एडिटरची सेटिंग बदलून भागत नाही, गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ओळींचे शेवट पुन्हा फिरवू शकतं. टेम्प्लेटनंतर रूटमध्ये (कॅमलमधल्या मेसेजच्या वाटेवर) एक पायरी, जी सगळं १३ करते. पुढेमागे लागणारे ११, २८, १३ हे बाइट कॅमलचा एमएलएलपी घटक (एचएल७ मेसेज नेटवर्कवरून पाठवणारा भाग) स्वतः घालतो, ते टेम्प्लेटमध्ये लिहायचे नाहीत.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं झाली होती, तीही गेली: टेम्प्लेटचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ असं ठरवून दिलं आणि एमएसएच-१८ या मेसेजच्या पहिल्या सेगमेंटमधल्या फील्डमध्येही तेच जाहीर केलं. जावा १८ च्या आधी डीफॉल्ट एन्कोडिंग मशीनवर अवलंबून असे.

मेसेजच्या हेडरमधून (सोबत येणाऱ्या माहितीतून) टेम्प्लेट घेण्याची सोय बंद ठेवा, हा तुमचा एका ओळीचा इशारा फाइलीच्या माथ्यावर लिहिला आहे. ती सोय मुळात बंदच असते. चालू केली, की बाहेरचा माणूस टेम्प्लेटच्या आडून सर्व्हरवर आज्ञा चालवू शकतो.

आणि तुमचा तो एकच टेस्ट पेशंट! मराठी नाव, सात आकडी क्रमांक, पत्त्यात पाचही चिन्हं, शेऱ्यात दोन ओळी, फोन नाही, दाखल ३१ डिसेंबर लागल्या लागल्या, मध्यरात्री बारा वाजून दहा मिनिटांनी. त्याचा अपेक्षित मेसेज रिपॉझिटरीत आहे आणि प्रत्येक बदलानंतर बाइट न् बाइट जुळवला जातो. ऐच्छिक सेगमेंटची संख्या वाढली की टेम्प्लेट सोडून हॅपी या एचएल७साठीच्या जावा लायब्ररीने मेसेज बांधा, असंही तुम्ही सांगितलंत. निकालांचा मेसेज त्या रांगेत पहिला आहे.

मनापासून आभार.

आपले,
इंटिग्रेशन टीममधले सर्वजण