गुडघा नॉर्मल

प्रिय मित्रा,

आत्ता फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. 'पोराला पायावर भार टाकू देऊ नकोस, उद्या सकाळीच एक्स-रे काढ' एवढंच बोललो आणि तू दचकलास. का म्हणालो ते नीट सांगतो.

13 वर्षांचा पोरगा, तीन आठवडे झाले, फुटबॉल खेळून आला की कधी जांघ धरतो, कधी गुडघा, आणि आता लंगडतोय. कोच म्हणतात स्नायू ओढला गेलाय. असेलही. पण या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती स्नायूपेक्षा कच्ची. किक मारताना 'कट्' आवाज होऊन तो जागीच बसला असता, तर हाडाचा टवका निघालाय का ते मी आधी बघितलं असतं. त्याचं दुखणं मात्र हळूहळू वाढलंय. मला त्याचीच धास्ती आहे.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत खो-खो खेळणारा एक मुलगा आला होता. चिठ्ठीवर 'उजवा गुडघा' लिहिलेलं. मी फिल्म बघितली, 'गुडघा नॉर्मल' असा रिपोर्ट दिला. खोटं काहीच नव्हतं. दीड महिन्याने वडील त्याला उचलून घेऊन आले. खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेपाशी घसरला होता. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना काही सामायिक नसांमधून जातात, म्हणून बिघडतो खुबा आणि दुखतो गुडघा. मी तेव्हा हातभर वर बघायला हवं होतं. ते पोर अजून डोळ्यांसमोर येतं.

समोरून काढलेल्या फिल्मवर मी आजही हाडाच्या मानेच्या, म्हणजे गोळ्याखालच्या निमुळत्या भागाच्या, वरच्या कडेला पट्टी लावतो. रेघ पुढे गेली की गोळ्याचा थोडा भाग कापायला हवी. त्याला न शिवता वरून निघून गेली, तर गोळा घसरलाय. पण तो बहुतेकदा मागच्या बाजूला सरकतो आणि सुरुवातीला समोरून फसवतो, म्हणून बेडकासारखे पाय फाकवून दुसरी फिल्म लागतेच. फाकवताना कळ आली तर मात्र जबरदस्ती नको.

तू थेट एमआरआय म्हणालास. एक्स-रे साफ असूनही दुखणं राहिलं तर करूच, हाडाच्या मानेतली बारीक चीर त्यातच आधी दिसते. पण काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही सांध्याच्या कडेची कूर्चा फाटलेली सापडते. म्हणून आधी डॉक्टरांना खुबा फिरवून तपासू दे.

वहिनींना सांग, वेळेत सापडलं तर बहुधा एका स्क्रूने गोळा आहे तिथेच धरून ठेवता येतो. चिठ्ठीवर 'दोन्ही खुबे, समोरून आणि पाय फाकवून' असं लिहून घे. फिल्म हातात पडली की तिथूनच मला फोटो पाठव, मी फोन हातातच ठेवतो.

तुझाच