टी-स्कोअर बरा, तरी मणके दबलेले

संपादक महोदय,

‘हाडांची मोफत तपासणी’ करणाऱ्या शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात. अशा शिबिरांत बहुधा टाच एका छोट्या यंत्रात ठेवून ध्वनिलहरींच्या साहाय्याने हाडाचा अंदाज घेतात आणि टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीच्या तुलनेत हाड किती उणे किंवा अधिक आहे हे सांगणारा आकडा, लिहिलेला कागद हाती देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेला उणे २.५ किंवा त्याहून कमी हा ऑस्टिओपोरोसिसचा (हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचा) निकष टाचेच्या या यंत्राला लागू होत नाही, तो कंबर, खुबा अशा ठिकाणच्या डेक्सा या क्ष-किरणांच्या तपासणीसाठी आहे, हे तेथे क्वचितच कोणी सांगते. पण मला लिहायचे आहे ते त्याच्याही पुढचे.

डेक्साला मी नावे ठेवत नाही. मात्र ती मोजते ते हाडातील खनिजाचे प्रमाण. हाडाच्या आतल्या जाळीचे धागे जाड आहेत की तुटलेले, कोलॅजन हे हाडातले प्रथिन चिवट आहे की कडक झालेले, रोजच्या वापरात पडणाऱ्या सूक्ष्म भेगा वेळेवर बुजतात की साठत जातात, हे त्या आकड्यात उतरत नाही. विटा तेवढ्याच असून बांधणी कच्ची असावी, तसा हा प्रकार आहे. घनता वाढली म्हणजे ताकद वाढलीच असे नसते, हे मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत लख्ख दिसले होते: औषध म्हणून सोडियम फ्लोराइड घेतलेल्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता चार वर्षांत सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही आणि इतर हाडे मोडण्याचे उलट वाढले. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या विहिरींना फ्लोराइडचे पाणी आहे, तेथे दाट पण कमकुवत हाडांची ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

माझ्या थोरल्या बहिणीचा कमरेचा टी-स्कोअर उणे १.४ आला, तेव्हा ‘थोडी झीज आहे, कॅल्शियम घ्या’ एवढ्यावर विषय मिटला. तिला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे, दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्यांचे अनेक कोर्स झालेले आहेत, आणि जुन्या परकरांना ती खालून दुमड घालू लागली होती. पण यांपैकी काहीच तिला कोणी विचारले नाही. (परकर लांब पडू लागले म्हणजे उंची घटत होती, हे मलाही तेव्हा उमगले नाही, आणि मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे.) पुढे पाठदुखी हटेना म्हणून बाजूने एक्स-रे काढला, तर दोन मणके दबलेले निघाले. दबलेल्या मणक्यात तेवढेच खनिज कमी जागेत मावते, त्यामुळे डेक्सावर तो अधिक दाट दिसतो. संधिवाताने वाढलेली हाडाची टोकेही आकडा असाच फुगवतात. म्हणजे जे मोडले होते, त्यानेच अहवाल सुधारला होता! टाइप २ मधुमेहात तर घनता चांगली असूनही हाडे अधिक मोडतात, हे आता सर्वमान्य आहे.

हाडाच्या गुणवत्तेचा थोडाफार अदमास घेण्याची सोय आज आहे. कमरेच्या त्याच डेक्सा प्रतिमेतील करड्या छटांच्या चढउतारांवरून आतल्या जाळीचा अंदाज देणारा ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर काढता येतो आणि त्यासाठी वेगळे किरण घ्यावे लागत नाहीत. मात्र त्याची संगणकप्रणाली सगळीकडे नसते, आणि लठ्ठ व्यक्तींमध्ये त्याचा आकडा जपून वाचावा लागतो. सूक्ष्म रचना प्रत्यक्ष दाखवणारे विशेष सीटी स्कॅन मुख्यतः संशोधनापुरतेच आहेत.

म्हणून शिबिरांच्या आयोजकांना माझी विनंती अगदी साध्या गोष्टींची आहे. टाच यंत्रात ठेवण्याआधी प्रत्येकीला भिंतीशी अनवाणी उभे करून उंची मोजावी आणि तरुणपणीची उंची विचारावी. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे का, आईचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड किती महिने घेतले, मधुमेह किती वर्षांचा आहे, हे चार प्रश्न कागदावर नोंदवावेत. उंची चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घटली असेल, तर टी-स्कोअर कितीही बरा असला तरी पाठ आणि कंबर या दोन्हींचा बाजूने एक्स-रे काढण्याची चिठ्ठी द्यावी. मणक्यांची बरीचशी फ्रॅक्चर्स रुग्णाच्या नकळत होतात, आणि एक मणका दबला की पुढचा दबण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा